पुन्हा पाठव, पण जरा थांबून!

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या पेपरात मी फक्त पास होण्यापुरतंच लिहीत असे. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी "काहीतरी लिही" म्हटल्यावर मी पंधरा दिवस टाळलं. शेवटी लिहायला बसले ते एका रागापोटी. तो राग दुसऱ्या कोणावर नाही, माझ्यावरच आहे.

विषय वाचून पान उलटू नका. विषय आहे 'मेसेज क्यू'मध्ये न पोचलेला निरोप पुन्हा कधी, किती वेळा आणि किती वेळाने पाठवायचा हा. ऐकायला अगदी कोरडा वाटतो. पण या कोरड्या विषयापायी एका शुक्रवारी रात्री मुर्तिजापूरच्या पलीकडच्या गावातले एक बाबा अंधारात मोटारसायकल काढून बस स्टँडवर पोचले होते, आणि त्याला कारण माझा प्रोग्राम होता.

झालं असं. आमच्या मिनी-प्रोजेक्टमध्ये आम्ही गर्ल्स हॉस्टेलसाठी आउटपासची सिस्टीम बनवली. मुलगी गेटवर कार्ड दाखवून निघाली की घरी एसएमएस जायचा, "आपली पाल्य अमुक वाजता हॉस्टेलमधून निघाली." गेटवरचा कॉम्प्युटर निरोप रांगेत टाकतो आणि दुसरा प्रोग्राम तो उचलून एसएमएस कंपनीच्या गेटवेकडे देतो. मध्ये रांग ठेवायची कारण गेटवे बंद असला तरी गेटवरची मुलगी ताटकळू नये. रांगेसाठी आम्ही 'ॲक्टिव्हएमक्यू' घेतलं. फुकट आहे, जावात आहे आणि नेटवर उदाहरणं भरपूर. व्हायव्हात सरांनी विचारलं, "निरोप गेला नाही तर?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "सर, रिडिलिव्हरी आहे. आपोआप पुन्हा जातो." सरांनी मान डोलावली. मार्क मिळाले.

मग आला लाँग वीकेंडचा शुक्रवार. संध्याकाळी पाच चाळीस ते सहा पाच, अशी पंचवीस मिनिटं गेटवे बंद होता. तेवढ्या वेळात ४१ मुली बॅगा घेऊन बाहेर पडल्या. एकीच्याही घरी निरोप गेला नाही. त्यातल्या एका ज्युनिअरचा मोबाईल बंद पडलेला. ती रोजच्या बसने येते हे घरच्यांना ठाऊक, पण आज निघाली की नाही तेच कळेना. नऊ वाजता तिच्या बाबांनी गाडी काढली. मुलगी स्टँडवर सुखरूप भेटली, बस फक्त उशिरा पोचली होती. पण सोमवारी त्यांचा रेक्टर मॅडमना फोन आला. स्पीकरवर होता, मी समोर उभी. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "मॅडम, मेसेज येतच नसता तं चाललं असतं. पण दर वेळी येते, अन् आजच नाई आला, मंग माणसानं काय समजावं?"

हे वाक्य मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नाही. ज्या यंत्रणेवर माणूस विसंबायला लागतो, तिची शांतता हाही एक निरोपच असतो.

मग आम्ही लॉग उघडले. ॲक्टिव्हएमक्यूची पहिल्यापासून असलेली सेटिंग अशी की निरोप फसला तर एकेक सेकंदाने सहा वेळा पुन्हा द्यायचा, आणि तरी नाही झालं तर तो 'डेड लेटर क्यू' नावाच्या वेगळ्या रांगेत टाकून द्यायचा. म्हणजे गेटवे पंचवीस मिनिटं बंद, आणि आमचा प्रोग्राम सहा-सात सेकंदांत सगळे प्रयत्न संपवून मोकळा! सहाला पाच मिनिटांनी गेटवे सुरू झाला तेव्हा ४१ निरोप त्या मेलेल्या रांगेत निवांत पडले होते. ती रांग कोणी बघतं का? कोणीच नाही. ती आहे हेच आम्हाला व्हायव्हाच्या उत्तरापलीकडे माहीत नव्हतं. दोष सॉफ्टवेअरचा नाही. त्याने हे सगळे आकडे बदलायची सोय दिलेली आहे. आम्ही तिकडे पाहिलंच नाही.

त्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आमच्या आबांना ही गोष्ट सांगितली. आबांनी जन्मभर कापूस केला. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, त्या काळात त्यांनी खरेदी केंद्राबाहेर बैलगाडीखाली झोपून रात्री काढल्या आहेत. रांग म्हणजे काय ते आबांना कळणार नाही तर कोणाला? त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, "कापूस ओला हाय म्हनून गाडी परत केली, अन् त्यानं तीच गाडी लगेच पुन्हा दारात आनली. रांगीत उभं राहून कापूस वाळते काय बापा?"

मी गप्पच झाले. कारण आमच्या प्रोग्रामने तेच केलं होतं.

आता आबांच्या रांगेचाच हिशेब लावू. आजही हमीभावाने कापूस विकायला नेला की आधी ओलावा बघतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून खरेदी, त्यापुढे परत. परत आलेल्या गाडीचे तीन प्रकार होतात. एक, कापूस फक्त ओला आहे. दोन दिवस उन्हात पसरवा आणि मग आणा. हा झाला तात्पुरता बिघाड, इथे थांबून पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे. दोन, बोंडअळीने खाल्लेला, पिवळा पडलेला माल. तो महिनाभर वाळवला तरी पांढरा होणार नाही. आमच्याकडे हा प्रकार म्हणजे चुकीचा फोन नंबर. एका मुलीने फॉर्मवर नऊच आकडे लिहिले होते. त्या नंबरावर सहाशे वेळा पाठवा, दहावा आकडा उगवणार नाही. असा निरोप पहिल्याच फटक्यात बाजूला काढून माणसाला दाखवायला हवा. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, परत केलेली गाडी दारातच आडवी उभी. मागच्या सगळ्यांचा खोळंबा.

हा तिसरा प्रकार आम्ही स्वतः करून पाहिला. आम्ही थांबण्याची वेळ वाढवली तर नवीनच दुखणं. ॲक्टिव्हएमक्यूत पुन्हा देण्याचं काम मुळात निरोप उचलणाऱ्या प्रोग्रामकडेच असतं, आणि क्रम बिघडू नये म्हणून तो एका फसलेल्या निरोपासाठी मागचे सगळे थांबवतो. टेस्टिंग करताना नऊ आकडी नंबरवाल्या त्या एका निरोपाने अर्धा तास सगळी रांग अडवून धरली. उपाय आहे. पुन्हा देण्याचं काम रांग सांभाळणाऱ्या ब्रोकरकडे सोपवायचं. त्यासाठी रिडिलिव्हरीचा प्लगइन आणि 'शेड्युलर सपोर्ट' हे दोन्ही सुरू करावे लागतात. शेड्युलर मुळात बंद असतो. ते केलं की फसलेली गाडी आवारात बाजूला उभी राहते आणि मागच्या गाड्या पुढे सरकतात. 'रॅबिटएमक्यू' वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. तिथे निरोप नुसता 'रीक्यू' केला तर तो लगेच परत येतो. थांबवायचा असेल तर मुदत घातलेली वेगळी रांग करून मुदत संपल्यावर तो मूळ रांगेत आणावा लागतो, नाहीतर त्यासाठीचा प्लगइन बसवावा लागतो.

किती थांबायचं? दर वेळी सारखंच थांबण्यापेक्षा अंतर वाढवत न्यायचं. आम्ही पहिल्यांदा ५ सेकंद आणि पुढे दर वेळी तिप्पट असं ठेवलं. म्हणजे ५, १५, ४५, १३५, ४०५, १२१५. बेरीज केली तर १८२० सेकंद, म्हणजे ३० मिनिटं २० सेकंद. प्रयत्न तेच सहा! पण आधी ते सहा सेकंदांत संपत होते, आता अर्धा तास पुरतात. त्या शुक्रवारी ही सेटिंग असती तर पाच चाळीसचा निरोपसुद्धा सहा दहाला पोचला असता. शिवाय अंतरात थोडा कमी-जास्तपणा घालायचा, म्हणजे गेटवे उठल्या उठल्या ४१ निरोप एकाच क्षणी त्याच्या अंगावर पडत नाहीत.

यात नवीन काहीच नाही बरं का. नेटवर्क्सच्या पेपरला आपण सगळे 'बायनरी एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ' पाठ करतो. इथरनेटमध्ये दोघांची टक्कर झाली की दोघांनी वेगवेगळा वेळ थांबायचं, पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मर्यादा दुप्पट, आणि सोळा प्रयत्नांनंतर नाद सोडायचा. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत बर्कलेला दोन संस्थांमधलं, जेमतेम ४०० यार्डांचं नेटवर्क ३२ किलोबिटवरून सेकंदाला ४० बिटपर्यंत घसरलं होतं. पोचलं नाही की घाईने पुन्हा पाठव, त्यामुळे गर्दी, गर्दीमुळे आणखी पोचत नाही, असं ते चक्र होतं. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर टीसीपीत जे उपाय घातले त्यांचा गाभा हाच की गर्दी दिसली की हात आखडता घ्या. आपण हे सहा मार्कांसाठी लिहितो आणि प्रोजेक्टमध्ये विसरतो.

आता आमची दुसरी चूक ऐका, कारण ती पहिलीपेक्षा विनोदी आहे. पहिल्या फजितीनंतर, आबांना भेटायच्या आधी, माझ्या पार्टनरने रागारागाने प्रयत्नांची मर्यादाच काढून टाकली. उणे एक लिहिलं की अमर्याद. अंतर मात्र एक सेकंदच. पुढच्या आठवड्यात गेटवे बंद नव्हता, मंद होता. एसएमएस जात होता, पण "गेला" हे उत्तर वेळेत येत नव्हतं. आमच्या प्रोग्रामला वाटलं फसला. पुन्हा पाठवला. एका वडिलांना तेवीस एसएमएस गेले. त्यांनी मेसमध्ये फोन केला, कारण तोच नंबर त्यांच्याकडे होता. मेसच्या काकू पीठ मळता मळता मला म्हणाल्या, "काऊन वं, एकच पोट्टी तेवीस खेपा कशी निघाली?"

धडा असा की पोचला नाही आणि पोचल्याचं कळलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुन्हा पाठवायचं असेल तर प्रत्येक निरोपाला एक कायमचा क्रमांक द्या आणि पाठवण्याआधी विचारा, हा क्रमांक आधी गेला का? पण विचारण्यालाही मर्यादा हवी! इथे तुमच्या-माझ्या खिशातलं उदाहरण देते.

२०२५ च्या १२ एप्रिलला देशभर यूपीआय अडखळलं. चहाच्या टपरीपासून पेट्रोल पंपापर्यंत लोक फोन हातात घेऊन उभे. यूपीआय चालवणाऱ्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयने नंतर जे कारण पुढे आणलं ते वाचून मला आबा आठवले. काही बँकांकडून "त्या व्यवहाराचं काय झालं?" अशी विचारणा प्रचंड संख्येने होत होती, आणि त्या विचारणांच्या ओझ्याखाली यंत्रणा वाकली. मग त्याच महिन्यात बँकांना नियम घालून दिला गेला. पहिली विचारणा ९० सेकंद थांबूनच करायची, आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीन वेळा. थांबण्याचा वेळ आणि प्रयत्नांची मर्यादा, बस्स. हॉस्टेलच्या गेटवर आमचं जे चुकलं तेच. फरक एवढाच की आमच्याकडे ४१ मुली होत्या.

त्याहून महत्त्वाचा मला रिझर्व्ह बँकेचा २०१९ च्या सप्टेंबरचा नियम वाटतो. यूपीआयने एकाच्या खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बघा, उशिराची किंमत इथे प्रोग्रामरने ठरवलेली नाही. पैसे अडकलेल्या माणसाकडून विचार सुरू करून ती ठरवली आहे.

आणि हेच माझं आजचं म्हणणं आहे. किती वेळा, किती अंतराने आणि कधी थांबायचं हे आकडे आपण टेक्निकल समजतो. ते तसे नाहीत. आमची रूममेट म्हणते, "अगं, मग अर्धा तासच का? चार-पाच दिवस पाठवत राहा की, ई-मेल तसंच करतं." खरं आहे. ई-मेलच्या प्रमाणित नियमांत साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने चार-पाच दिवस प्रयत्न करावेत असं सांगितलेलं आहे. पण "मुलगी निघाली" हा निरोप मुलगी घरी जेवून झोपल्यावर आला तर तो धीर देत नाही, घाबरवतो. उलट फीची पावती दोन दिवसांनी आली तरी कोणाचं बिघडत नाही. प्रत्येक निरोपाचं आयुष्य वेगळं. ते किती हे ब्रोकरला विचारून कळत नाही. ज्याला निरोप जाणार त्याला विचारावं लागतं.

म्हणून आम्ही विचारलं. रेक्टर मॅडमच्या परवानगीने वीस-बावीस पालकांना फोन केले. प्रश्न एकच, "निरोप आला नाही तर किती वेळाने तुम्ही काळजीत पडता?" अकोल्याच्या एक काकू म्हणाल्या, "अर्ध्या घंट्यात." दुसरे एक काका म्हणाले, "बस यायच्या टाइमपर्यंत थांबतो, मंग गाडी काढतो." मुर्तिजापूरकडच्या त्या बाबांनाही फोन केला. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "पोरी, तुमची मशीन थकली तं एखाद्या माणसाले सांगत जा ना. मानूस फोन करन."

एवढं साधं! आम्ही आमची डेड लेटर क्यू कोणालाच दाखवत नव्हतो. टपाल खात्यात पत्ता न लागणाऱ्या पत्रांसाठी पूर्वी डेड लेटर ऑफिस होतं, पुढे त्यालाच रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणू लागले. तिथे पत्र नुसतं पडून राहत नाही. माणूस बसतो, ते उघडतो, पाठवणाऱ्याचा पत्ता शोधतो. आपल्या सॉफ्टवेअरने त्यातलं नाव तेवढं उचललं. खुर्चीवर माणूस बसवणं आपल्यावर सोडलं, आणि आपण ती खुर्ची रिकामी ठेवली.

आता आमची सिस्टीम अशी आहे. सहा प्रयत्न, अर्धा तास, प्रत्येक निरोपाला क्रमांक. नंबरच चुकीचा असेल तर लगेच बाजूला. आणि अर्ध्या तासात जे जमलं नाही त्याची यादी रेक्टर ऑफिसच्या स्क्रीनवर लाल अक्षरात येते. ड्युटीवरच्या मॅडम फोन करतात आणि वहीत सही करतात. ती वही या सगळ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात कमी हायटेक भाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा.

सरांना एक विनंती, रागावू नका. व्हायव्हात "निरोप गेला नाही तर?" एवढंच विचारून थांबू नका. पुढे विचारा, "किती वेळाने? किती वेळा? आणि नंतर कोण बघणार?" जमलं तर परीक्षेच्या वेळी सरळ नेटवर्कची वायर काढा आणि पंचवीस मिनिटं चहा प्यायला जा. परत येऊन बघा काय उरलंय. मला त्या दिवशी कोणी असं विचारलं असतं तर मार्क गेले असते, पण ते बाबा रात्री स्टँडवर गेले नसते.

मागच्या महिन्यात वहीत दोन नोंदी झाल्या. एक तोच नऊ आकडी नंबर, तो आता दुरुस्त झाला. दुसरी नोंद एका मुलीची, घरचा फोन दिवसभर बंद होता. मॅडमनी शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप दिला. वहीत लिहिलंय, "७:२० ला सांगितले." खाली सही.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)